संज्ञा आणि शास्त्रशाखा

‘नेचर’ या नियतकालिकात २००८ साली प्रसिद्ध झालेला डेव्हिड मॅकमिलन यांचा सेंद्रिय उत्प्रेरणाच्या उदयावरील लेख विषयाने रसायनशास्त्राचा आहे. तथापि त्यातील एक प्रतिपादन भाषाभ्यासकाच्या कक्षेत येते. रेणूच्या, परस्परांची प्रतिबिंबे असलेल्या दोन रूपांपैकी एकच रूप प्राधान्याने घडविण्यास लहान सेंद्रिय रेणू साहाय्यभूत होतात, हे पूर्वीही दिसले होते. १९७१ साली शेरिंग कंपनीतील एडर, सावर व वीखर्ट यांनी प्रोलीन हे अमिनो आम्ल या कामी वापरले. हायोश व पॅरिश यांचे तत्सम कार्यही त्याच काळातील. परंतु असे प्रयोग सुटे नवल ठरले. व्यापक कल्पना व तिची संज्ञा २००० साली मिळाली, तेव्हा शाखा जन्मास आली, असा लेखकाचा आशय आहे.

यातील कल्पनेचे श्रेय मान्य केले पाहिजे. संज्ञेचे मात्र तपासून पाहावे लागते. लांगेनबेक यांनी सेंद्रिय उत्प्रेरकांवरील आपल्या जर्मन ग्रंथाच्या शीर्षकातच १९३५ साली हे नाव वापरले होते. नाव होते, शाखा झाली नाही. उलट, बेंजामिन लिस्ट व त्यांच्या सहकाऱ्यांचा २००० सालचा प्रोलीनविषयक निबंध या शाखेचा आधारस्तंभ ठरला. त्याच्या शीर्षकात नवी संज्ञा नाही.

मग फरक कशाने पडला? लांगेनबेक यांची दृष्टी एंझाइमांशी असलेल्या साम्याकडे होती. मॅकमिलन यांनी कार्यपद्धती दाखविली: उत्प्रेरकातील अमाइन अल्डिहाइडाशी संयोग पावून इमिनियम आयन बनविते, तो अधिक क्रियाशील असतो, आणि विक्रियेअंती उत्प्रेरक पुन्हा मोकळा होतो. हीच पद्धती डील्स-आल्डर विक्रियेप्रमाणे २००१ साली फ्रीडेल-क्राफ्ट्स विक्रियेतही उपयोगी पडली. नावामागे पुनःपुन्हा लागू पडणारे तत्त्व उभे राहिले, म्हणून नाव रुजले. २०२१ चे नोबेल पारितोषिक लिस्ट व मॅकमिलन या दोघांना मिळाले, तेही या कार्यासाठी, शब्दासाठी नव्हे.

मराठी परिभाषाकारांनी यातून बोध घ्यावा. ‘सेंद्रिय’ म्हणताच आपल्या वाचकास खत आठवते. शिवाय एंझाइमेही सेंद्रियच आहेत. ‘लघुरेणू’ म्हणावे, तर धातूंची अनेक संयुगेही त्यात येतात. निर्दोष प्रतिशब्द शोधीत बसण्यापेक्षा ‘सेंद्रिय उत्प्रेरण’ हाच शब्द स्वीकारून, येथे उत्प्रेरक लहान सेंद्रिय रेणू असतो व त्याचे कार्य धातूवर अवलंबून नसते, ही व्याख्या पाठ्यपुस्तकात त्याच्याशेजारी द्यावी. व्याख्येवाचून आणलेली संज्ञा विद्यार्थ्यास पाठ होते, कळत नाही.