आजीबाई, आई आणि मतांगीकार : रमाबाई–जेराल्डीन पत्रव्यवहाराचे एक वाचन

पंडिता रमाबाई आणि वाँटेज येथील सिस्टर जेराल्डीन यांचा इंग्रजी पत्रव्यवहार १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाने महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळातर्फे प्रसिद्ध झाला. त्यानंतर वासाहतिक सत्ता, मिशनरी संस्था आणि स्त्रीचे स्वातंत्र्य या अंगांनी या पत्रांचा पुष्कळ अभ्यास झाला आहे. मात्र या अभ्यासांत एक विभागणी सहसा गृहीत धरलेली दिसते. त्रैक्य, ख्रिस्ताचे ईश्वरत्व, मतांगीकार हे विषय धर्मशास्त्राच्या कक्षेत टाकले जातात आणि मनोरमेच्या शिक्षणावरून झालेली कटुता चरित्राच्या. पत्रे सलग वाचली असता ही विभागणी टिकत नाही. वाद एकच आहे : धर्मग्रंथाचा अर्थ सांगण्याचा अधिकार कोणाचा, आणि तो अर्थ घरातल्या लेकराच्या कानी कोणी घालावा.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजच्या अँग्लिकन भगिनीसंघात रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. त्याच दिवशी अडीच वर्षांच्या मनोरमेचाही झाला. अँग्लिकन विधीत बाप्तिस्म्याच्या वेळी ‘प्रेषितांचा मतांगीकार’ या संक्षिप्त सूत्राला होकार दिला जातो. वाद पेटला तो अथनासियसच्या नावे चालत आलेल्या दीर्घ मतांगीकारावरून. हा मतांगीकार अथनासियसचा नव्हे, हे सतराव्या शतकातच विद्वानांनी दाखवले होते. तो मूळचा लॅटिन असून चौथ्या शतकात होऊन गेलेल्या त्या आचार्यानंतर बऱ्याच काळाने रचलेला आहे. तरीही १६६२ च्या प्रार्थनापुस्तकाने तो वर्षातील तेरा सणांना म्हणावयास सांगितला होता. त्यात त्रैक्याची बारकाईने केलेली व्याख्या आहे आणि ती न मानणाऱ्यास तारण नाही असा इशाराही आहे. हा इशारा ग्रंथालयात एक अर्थ सांगतो. दुष्काळात आईवडील आणि पुढे भाऊ गमावलेल्या, बाप्तिस्म्यावाचून गेलेली ती सारी माणसे जिच्या स्मरणात आहेत अशा स्त्रीच्या घरात तो वेगळाच अर्थ सांगतो. रमाबाईंनी तो म्हणण्याचे नाकारले. या मताला शास्त्रात आधार कोठे आहे, असा त्यांचा प्रश्न होता.

‘आधार दाखवा’ हा आग्रह प्रॉटेस्टंट परिसरातून आला असे म्हणता येईल. इंग्लंडात त्यांचा अँग्लिकनेतर ख्रिस्ती विचारांशीही परिचय झाला होता, आणि तो प्रभाव नाकारण्याचे कारण नाही. पण त्या आग्रहाची घडण जुनी आहे. अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले तेव्हा पंडितांनी आक्षेप घेतला. शास्त्रींनी स्त्रियांच्या अध्ययनाला अनुकूल अशी वचने धर्मग्रंथांतून जमवून ती पंडितसभेपुढे मांडली. रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात हा प्रसंग नोंदवला आहे. घरातल्या स्त्रीला शिकवण्याचा हक्क वचनांच्या बळावर मिळवावा लागतो, हे त्या वडिलांकडून शिकल्या होत्या. वाँटेजशी वाद घालताना त्यांच्या हाती हेच शस्त्र आहे. ग्रंथ बदलला, रीत तीच राहिली.

मीमांसेच्या परिभाषेत बोलायचे तर बायबल त्यांना श्रुतीच्या जागी आहे आणि मतांगीकार स्मृतीच्या. श्रुतीशी विरोध येतो तेथे स्मृती अप्रमाण, हा जैमिनीचा निर्णय त्यांच्या युक्तिवादात न सांगता वावरतो. परंतु येथे एक अडचण आहे व ती टाळणे योग्य नाही. जैमिनीच्या निर्णयाला दुसरी बाजू आहे : विरोध दिसत नसेल तर स्मृतीमागे श्रुती असावी, असे अनुमान करावे. ही बाजू रमाबाई जेराल्डीनला देत नाहीत. आणि गंमत अशी की सिस्टरचे सारे प्रतिपादन नेमके याच बाजूला आहे. मंडळीने शतकानुशतके जे एकमुखाने म्हटले ते ग्रंथाबाहेरचे नाही, ते ग्रंथाचेच उलगडलेले रूप आहे, अशी त्यांची धारणा होती. शिष्टाचाराला प्रमाण मानणारा काशीचा पंडित त्यांना सहज समजला असता. तसा एक होताही. नीळकंठशास्त्री, म्हणजेच फादर नेहेम्या गोऱ्हे यांनी परंपरेच्या याच बाजूने रमाबाईंशी पत्रव्यवहार केला. ‘पौर्वात्य तर्क विरुद्ध पाश्चात्त्य श्रद्धा’ ही सोपी मांडणी यामुळेच गैरलागू ठरते. या गोऱ्ह्यांची आईवेगळी मुलगी एका इंग्रज मिशनरी कुटुंबात वाढली, ही बाबही मनोरमेच्या संदर्भात दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

मनोरमा काही काळ वाँटेजला भगिनींच्या देखरेखीखाली असे आणि रमाबाई चेल्टनहॅमला शिकत व संस्कृत शिकवत. स्वतःला न पटलेली मते आपल्या मुलीला शिकवली जाऊ नयेत, असे त्यांनी १८८५ च्या सुमारास बजावले. जेराल्डीनला हा अहंकार वाटला. तसे वाटण्यामागे केवळ स्वभाव नव्हता. तिसऱ्या शतकात कार्थेजच्या सिप्रियनने मंडळीला आई म्हटले. तिला आई न मानणाऱ्याला देवाला पिता म्हणता येत नाही, असा त्याचा भाव आहे. हे रूपक अक्षरशः घेतले की जन्मदात्री ही दुय्यम आई ठरते आणि तिच्या शंकांपासून मुलाला वाचवणे हे धर्मकृत्य होते.

तथापि आद्य परंपरा इतकी एकसुरी नव्हती. इ. स. २०० च्या सुमारास त्याच कार्थेजच्या तेर्तुल्यनने बाप्तिस्म्यावरील ग्रंथात लहान मुलांच्या बाप्तिस्म्याची घाई करू नये असे सुचवले. त्यांच्या वतीने वचन देणाऱ्या जामिनदारांना विनाकारण धोक्यात का घालावे, हे त्याचे एक कारण होते. परंपरेचा हा धागा वाँटेजच्या शिकवणीत मागे पडला होता. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात विश्वासाची वाट आजी लोईस आणि आई युनीके यांच्यामधून नातवापर्यंत येते. रमाबाई जेराल्डीनला ‘आजीबाई’ म्हणत. मुलीच्या नात्याने दिलेले हे संबोधन मायेचे आहेच; पण त्यात मर्यादाही आखलेली आहे. मराठी घरात आजीचा मान मोठा असतो, तरी आई जिवंत असता नातीविषयीचा अखेरचा शब्द तिचा नसतो. सिस्टरला त्या शब्दातला मान ऐकू आला, मर्यादा बहुधा ऐकू आली नाही. इंग्रजी पत्रांत मधेच येणारा हा मराठी शब्द अनुवादित न करता वाचला पाहिजे.

संग्रहाच्या साधनमूल्याविषयीही सावध राहावे लागते. पत्रे जमवून त्यांवर टिपणे लिहिली ती जेराल्डीन यांनीच, वादाला बराच काळ लोटल्यावर. वादातील एक पक्षच येथे संग्राहक आहे. रमाबाईंच्या ‘गर्वा’विषयीचा सूर त्या टिपणांतून पत्रांवर पसरतो आणि अनेक अभ्यासकांनी तो नकळत उचललेला आहे.

मात्र रमाबाईंना केवळ न्याय्य पक्ष ठरवून थांबणे हेही अपुरे वाचन होईल. मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झाले, पुढे ते पुण्यास गेले. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याची तेथे हमी होती. रमाबाई मनोरमेसह दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली तेथे येऊन बसत. १८९३ साली यावरून वादळ उठले, रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. आम्हाला न पटलेले आमच्या मुलींच्या कानी का पडावे, हा त्या पालकांचा प्रश्न रमाबाईंना नवा नव्हता. आठ वर्षांपूर्वी तो त्यांनीच वाँटेजला विचारला होता. मुली स्वेच्छेने येतात, त्यांना मज्जाव का करावा, हे त्यांचे उत्तर होते.