उत्तर छापलेलं कोडं

उखाणा म्हटलं की आपल्याला नवऱ्याचं नाव घेणंच आठवतं. पण जुन्या बायका कोड्यालाही उखाणाच म्हणत. कणकुंबीहून चोर्ला घाट उतरलात की गोव्यात त्याचं हुमाण होतं. इकडे कन्नडात ओडपू, आणि गंमत अशी की ओडपू म्हणजे कोडंही आणि नाव घेणंही.

बाजारातली उखाण्यांची पुस्तकं चाळली. नाव घेण्याचीच पानंच्या पानं. कोडी शेवटी चार, तीही खाली लगेच उत्तर छापून. अहो, मग उरलं काय? मलप्रभेच्या उगमाचं हे गाव, पाऊस थांबायचा नाही. आम्हा जैनांची जेवणं दिवस मावळायच्या आत उरकलेली. निजेपर्यंतचा तो वेळ कोड्यांचा. कांदा घरात यायचा नाही, त्याचं कोडं मात्र यायचं: लुगड्यावर लुगडी, सोडणारीच रडते! न खाल्लेल्या वस्तूची एवढी ओळख!

कोड्यात सून सासूला हरवू शकायची. नाव घेताना तशी सोय नाही, उत्तर आधीच ठरलेलं. मंडळाच्या हळदीकुंकवात आपण तेवढंच ठेवलंय, त्यालाच बक्षीस देतो.

पुस्तकवाल्यांनी निदान उत्तरं शेवटच्या पानावर टाकावीत, आणि कोडं कुठल्या गावच्या बाईनं घातलं तेही लिहावं.