कॅल्शियम-बंधक प्रथिने आणि निरोधक चेतापेशींचे वर्गीकरण : एक चिकित्सा

कृंतक प्राण्यांच्या हिप्पोकॅम्पसमधील चेतापेशींत निरोधक पेशींचे प्रमाण अल्प आहे. सीए१ या भागात ते सुमारे ११ टक्के मानले जाते. परंतु उर्वरित उत्तेजक पेशींनी केव्हा सक्रिय व्हावे, याचे नियमन प्रामुख्याने याच पेशी करतात. त्यांचे आकार व कार्य यांत विलक्षण वैविध्य असल्याने वर्गीकरणाचा प्रश्न आरंभापासून बिकट राहिला आहे. १९८० च्या दशकात प्रतिपिंडांच्या साहाय्याने पेशीतील प्रथिने रंगविण्याचे तंत्र रूढ झाले आणि पार्व्हाल्ब्युमिन, कॅल्बिंडिन व कॅलरेटिनिन ही तीन कॅल्शियम-बंधक प्रथिने पेशीप्रकारांची ओळखचिन्हे ठरली.

या पद्धतीचे ऋण मान्य केलेच पाहिजे. टी. एफ. फ्रॉइंड व जी. बुझाकी यांच्या १९९६ मधील विस्तृत समीक्षालेखाने रासायनिक ओळखीची सांगड पेशीच्या रचनेशी घातली. कॅलरेटिनिनयुक्त काही पेशी उंदरात केवळ अन्य निरोधक पेशींवरच नियंत्रण ठेवतात, हे गुल्याश, हायोश व फ्रॉइंड यांनी त्याच वर्षी दाखवून दिले. केवळ आकारावरून असा शोध लागणे कठीण होते.

तथापि ओळखचिन्ह आणि पेशीप्रकार यांत भेद न केल्यास गफलत होते. पार्व्हाल्ब्युमिन हे एकाच प्रकारच्या पेशींत आढळत नाही. पेशीकायेभोवती जाळे विणणाऱ्या बास्केट पेशी, अक्षतंतूच्या आरंभस्थानी संपर्क साधणाऱ्या अॅक्सो-अॅक्सॉनिक पेशी आणि शाखातंतूंवर संपर्क करणाऱ्या बायस्ट्रॅटिफाइड पेशी या तिन्हींत ते असते. क्लाउसबर्गर व सोमोग्यी यांनी २००८ मध्ये सीए१ भागात २१ प्रकारच्या निरोधक पेशी नोंदविल्या. यातील भिन्न प्रकार एकाच लयीच्या भिन्न टप्प्यांवर सक्रिय होतात. कॅल्बिंडिनची स्थिती याहून विचित्र आहे. ते डेंटेट गायरसमधील कणिका पेशींत व सीए१ मधील काही पिरॅमिडाकृती पेशींत, म्हणजे उत्तेजक पेशींतही असते. कॅलरेटिनिन छोट्या उंदरातील हायलसमधील उत्तेजक मॉसी पेशींत आढळते, मोठ्या उंदरातील त्याच पेशींत मात्र नाही. म्हणजेच एका जातीवरील निष्कर्ष निकटच्या दुसऱ्या जातीलाही सरसकट लागू पडत नाही.

याहून गंभीर आक्षेप प्रथिनाच्या अस्थिरतेबाबत आहे. डोनाटो, रोम्पानी व कारोनी यांनी २०१३ मध्ये दाखविले की, बास्केट पेशींतील पार्व्हाल्ब्युमिनचे प्रमाण अनुभव व अध्ययन यांनुसार बदलते. पार्व्हाल्ब्युमिनचे जनुक निष्क्रिय केलेल्या उंदरांतही निरोधक पेशी कार्यरत राहतात. प्रथिन म्हणजे पेशी नव्हे, ते पेशीतील कॅल्शियमचा वेग व अवधी नियंत्रित करणारे एक साधन होय.

या भेदाचे व्यावहारिक मोल मोठे आहे. अपस्माराच्या प्रयोगांत रंगलेल्या पेशींची संख्या घटल्यास 'पेशी मृत झाल्या' असा निष्कर्ष अनेकदा काढला जातो. परंतु पेशी जिवंत असून केवळ तिच्यातील प्रथिन घटले, ही शक्यताही तितकीच खरी असते. पहिला निष्कर्ष गमावलेल्या पेशींच्या पुनःस्थापनेकडे, तर दुसरा विद्यमान पेशींच्या कार्यपुनर्स्थापनेकडे नेतो. म्हणून पेशीगणनेस स्वतंत्र ओळखचिन्हाची अथवा रचनात्मक पुराव्याची जोड आवश्यक ठरते.

हॅरिस व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये सीए१ मधील ३,६६३ निरोधक पेशींच्या जनुकीय अभिव्यक्तीवरून ४९ सूक्ष्म गट निश्चित केले. मात्र अनेक गटांच्या सीमा धूसर असून त्यांत सलगता आढळते, असेही नमूद केले. तीन प्रथिनांच्या चौकटीत हे वैविध्य सामावणे शक्य नाही. तरीही ही चौकट त्याज्य ठरत नाही. अन्वेषणाचा आरंभबिंदू म्हणून ती उपयुक्त आहे. अंतिम प्रमाण म्हणून मात्र तिचा स्वीकार करणे शास्त्रीय शिस्तीशी विसंगत होय.