नासपतीच्या आकाराचे अणुकेंद्रक : एका निबंधाचे परीक्षण

अणुकेंद्रकाचा आकार हा शब्दप्रयोग आपण इतक्या सहजतेने करतो की, तो आकार कोणीही प्रत्यक्ष पाहिलेला नाही याचा विसर पडतो. एल. पी. गॅफ्नी, पी. ए. बटलर व त्यांचे सहकारी यांचा जो निबंध मे २०१३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, त्याचे परीक्षण याच दृष्टीने करावयाचे आहे.

प्रयोगाची थोरवी प्रथम मान्य केली पाहिजे. रेडॉन-२२० चा अर्धायुःकाल सुमारे ५६ सेकंद; रेडियम-२२४ चा साडेतीन दिवसांहून किंचित अधिक. अशा द्रव्याचे लक्ष्य बनवून त्यावर मारा करणे दुरापास्त. म्हणून संशोधकांनी योजनाच उलटी केली व या अल्पायुषी केंद्रकांनाच शलाकेचे रूप दिले. जिनीव्हानजीकच्या सर्न संस्थेतील आयसोल्डे प्रयोगशाळेत १.४ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे प्रोटॉन युरेनियम कार्बाइडावर आदळवून ती निर्माण केली, निवडून घेतली, आणि वेग देऊन निकेल, कॅडमियम व कथिल यांच्या पातळ पत्र्यांवर सोडली. ऊर्जा मुद्दाम इतकी बेताची ठेवली की, दोन केंद्रकांचा परस्परांस स्पर्शच होऊ नये. केवळ विद्युत्‌क्षेत्रामुळे शलाकेतील केंद्रक उत्तेजित व्हावे आणि गॅमा किरण टाकून शांत व्हावे. ही क्रिया निव्वळ विद्युतीय असल्याने तिचा हिशेब करताना केंद्रकीय बलासंबंधी काही गृहीत धरावे लागत नाही. निबंधाचे खरे सामर्थ्य येथे आहे.

या किरणांच्या मोजणीवरून अष्टध्रुवी संक्रमणाची तीव्रता काढली आहे. ती रेडियम-२२४ साठी ४२±३ आणि रेडॉन-२२० साठी ३३±४ वाइसकॉफ एकके येते. म्हणजे एकट्या प्रोटॉनाच्या संक्रमणाच्या मानाने ती कितीतरी पट मोठी. अनेक कण एकत्र हलल्यावाचून असे घडत नाही. यावरून लेखक रेडियमाचा नासपतीसारखा आकार स्थिर मानतात, रेडॉनाचा मात्र कंपनाने क्षणोक्षणी उलटणारा.

आमचा आक्षेप या दुसऱ्या पायरीवर आहे. दोन आकड्यांतील अंतर ९; त्याची अनिश्चितता सुमारे ५. एवढ्या अंतरावर स्थिर आणि कंपमान असा भेद उभा राहू शकत नाही. तो वस्तुतः ऊर्जापातळ्यांच्या रचनेवर उभा आहे. रेडियमात ३⁻ ही पातळी २९० किलो इलेक्ट्रॉन-व्होल्टवर आहे, तर रेडॉनात ती ६६३ वर. या पातळ्या प्रस्तुत प्रयोगापूर्वीच ज्ञात होत्या. लेखकांनी हे लपविलेले नाही. परंतु निबंधातील रंगीत आकृती पाहणाऱ्यास मात्र तो आकार जणू छायाचित्रात उतरला असे वाटते, आणि वृत्तपत्रांनी तेच उचलले.

हा काथ्याकूट नव्हे. अणूला कायम विद्युत्-द्विध्रुव असल्यास काल-सममितीचा भंग सिद्ध होईल, आणि नासपतीसारखे केंद्रक तो परिणाम वाढवून दाखवील, या अपेक्षेने प्रयोगासाठी मूलद्रव्याची निवड होते. मोजलेली केंद्रके सम वस्तुमानांकाची. हवी असलेली, उदाहरणार्थ रेडियम-२२५, विषम. शेजाऱ्यावरून काढलेले हे अनुमान आहे. तरीही रेडॉनाविषयी लेखकांचा कौल खरा ठरण्याकडे झुकतो : याच गटाने २०१९ मध्ये रेडॉन-२२४ व २२६ यांच्या पातळ्या तपासल्या, तेव्हा तेथेही कंपनच आढळले, स्थिर आकार नव्हे. तेथेही निर्णय दिला तो पातळ्यांनीच.