साडेआठ इंचांची चैन

वारणानगरात दोन सीटच्या मोटारीची स्तुती करणे म्हणजे एकादशीच्या फराळात तांबड्या रश्श्याचा विषय काढणे. तात्यासाहेब कोऱ्यांचे हे गाव. साखर सहकारी, दूध सहकारी, बाजारसुद्धा सहकारी. आणि मोटारीत तिसऱ्याला जागा नाही? जीपमधून अकरा माणसे उतरली की सहकार मुरला असे समजणारी आम्ही मंडळी! तरीही स्प्राइट श्रेष्ठ की स्पिटफायर, या साहेबांच्या भांडणात मला तोंड घालायचेच आहे. कारण त्यातली एक आपल्या नात्यातली निघते.

ऑस्टिन-हीली स्प्राइट आली १९५८ साली. बॉनेटवर वटारलेले दोन दिवे, म्हणून लोकांनी तिला बेडूकडोळी म्हटले. डिकीला झाकणच नाही. बॅग सीटच्या पाठीमागून आत ढकलायची. दाराला बाहेरून मूठ नाही. आत हात घालून उघडायचे. इंजिन ९४८ सीसीचे, मॉरिस मायनरच्या घराण्यातले. ताकद ४३ हॉर्सपॉवर, म्हणजे आजची कुठलीही छोटी मोटार हिला सहज मागे टाकील. पण ही बाई कसला आवच आणत नाही.

ट्रायम्फ स्पिटफायर १९६२ची. ११४७ सीसी, ६३ हॉर्सपॉवर, दारांना वर-खाली होणाऱ्या काचा, डिकीला झाकण. रूप इटलीच्या मिकेलोत्तींनी दिलेले. तिच्यापुढे स्प्राइट म्हणजे पेढ्यापुढे गुळाचा खडा! मात्र खरा स्वभाव कळतो तो वळणावर. वेगात वळताना ऐनवेळी ॲक्सिलरेटर सोडलात, तर मागचे चाक आत दुमडते आणि शेपूट आपल्या वाटेने निघते. पन्हाळ्याहून वाघबिळाकडे उतरताना शेजारचा माणूस ‘ज्योतिबाच्या नावानं चांगभलं’ म्हणाला, तर ती निव्वळ भक्ती समजू नये. स्प्राइटचा मागचा ॲक्सल अखंड, साधा. तीही घसरते, पण सांगून. माझे मत स्प्राइटला. गुळाचा खडा का होईना, खोटा नाही.

पण नाते आहे ते स्पिटफायरशी. तिची चासी म्हणजे हेराल्डचीच, साडेआठ इंच आखूड केलेली. हो, तीच हेराल्ड, जी १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड कारखान्यातून निघू लागली! तेच नाकासकट पुढे उलटणारे बॉनेट, आणि मागच्या चाकांची खोडही तीच. चासी समुद्र ओलांडून आली. चैन तेवढी बंदरावर अडकली. साहेबाने चासी कापून मागची सीट काढून टाकली. आणि मद्रासने? पुढे दोन दारे वाढवली! चार दारांची हेराल्ड विलायतेत कधी निघालीच नाही.

अहो, मोटारीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावायचे ते दिवस. दोघांपुरते लोखंड कोण मंजूर करणार? मला पटते. तरी वाटते, शंभर हेराल्डींमागे एक तरी कापायला हवी होती. इंजिन बदलू नका, रंगसुद्धा सरकारी पांढराच द्या. पण साडेआठ इंच तेवढे कापा!