‘लेबल वाचा’ हा सल्ला शहापूर-मुरबाडमध्ये कितपत चालतो?

स्किनकेअरच्या घटकांवर मराठीत आता भरपूर व्हिडिओ आणि लेख आहेत. नायसिनामाइड म्हणजे काय, हायल्युरोनिक ॲसिड कशासाठी, पॅराबेन टाळावं का, वगैरे. बहुतेकांचा शेवट एकाच वाक्यावर होतो: लेबल वाचा, मगच घ्या. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. एखाद्या दाव्याची चिकित्सा कशी करायची हे शिकायला तो चांगला नमुना आहे, म्हणून आज तोच घेऊ.

आधी सल्ल्याची बळकट बाजू बघू. कॉस्मेटिक्स रूल्स, 2020 प्रमाणे 1 टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. 1 टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यानंतर येतात, पण कुठल्याही क्रमाने चालतात. म्हणजे पहिली पाच-सहा नावं वाचली की डबीत मुख्यतः काय आहे ते समजतं. साध्या क्रीममध्ये ती साधारण अशी असतात: पाणी, पाणी धरून ठेवणारं ग्लिसरीन, त्वचेवर थर करून पाणी उडू न देणारं पेट्रोलॅटम किंवा मिनरल ऑइल, आणि दाटपणा देणारं सिटाइल अल्कोहोल. नावात अल्कोहोल आहे म्हणून घाबरू नका. हे मेणासारखं असतं, त्याने त्वचा कोरडी पडत नाही.

एक युक्ती लक्षात ठेवा. फिनॉक्सिइथॅनॉल हे प्रिझर्व्हेटिव्ह जास्तीत जास्त 1 टक्का वापरता येतं. त्यामुळे यादीत त्याच्यानंतर आलेला प्रत्येक घटक 1 टक्का किंवा त्याहून कमीच असणार. डबीवर केशराचं मोठं चित्र आणि यादीत केशर फिनॉक्सिइथॅनॉलच्या खाली, असं दिसलं तर काय समजायचं ते तुम्हीच ठरवा. एवढ्यापुरतं लेबल खरंच कामाचं आहे.

आता सल्ला कुठे अडतो ते बघू.

पहिली अडचण नियमातच आहे. 60 मिलीपेक्षा कमी द्रव आणि 30 ग्रॅमपेक्षा कमी घट्ट किंवा अर्धघट्ट मालाच्या पॅकवर घटकांची यादी देणं बंधनकारक नाही. गावातल्या किराणा दुकानात दोरीला लटकणारे पाऊच आठवा, दहा-वीस रुपयांची छोटी ट्यूब आठवा. रोजंदारीवर जाणारी बाई 200 मिलीची बाटली एकदम घेत नाही, ती पाऊच घेते. म्हणजे ज्याच्या हातात पैसा कमी, त्याला माहितीही कमी मिळते. ‘लेबल वाचा’ म्हणणाऱ्याने डोळ्यासमोर मोठी बाटली घेणारा ग्राहक धरलेला असतो. दाव्यामागचं हे न बोललेलं गृहीतक शोधणं हेच चिकित्सेचं पहिलं काम.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. सगळ्यात धोकादायक घटक यादीत कधी येतच नाही. 2023 च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एकाच कुटुंबातल्या तिघींच्या किडनीच्या आजाराची बातमी आली होती. त्या वापरत असलेल्या गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा आहे, हे मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या तपासात पुढे आलं. पारा मेलॅनिन तयार करणाऱ्या टायरोसिनेज या एन्झाइमला अडवतो, म्हणून रंग उजळतो. पण तो त्वचेतून रक्तात जातो आणि किडनीत साठतो. डोळ्यांभोवतीची उत्पादनं सोडली तर कॉस्मेटिकमध्ये नकळत आलेला पारासुद्धा दहा लाखात 1 भागापेक्षा जास्त चालत नाही. मुद्दाम घालणारा तो लेबलवर छापेल कशाला? इथे वाचन उपयोगाचं नाही, प्रयोगशाळेतली चाचणीच लागते.

तिसरी अडचण स्टेरॉइडची. बीटामेथॅसोन, क्लोबेटासोल, मोमेटॅसोन ही नावं ट्यूबवर छापलेली असतात. पण ती औषधं आहेत, आणि आवणीच्या दिवसांत गजकर्णासाठी आणलेली ट्यूब पुढे चेहऱ्यालाही लागते. नाव वाचता आलं तरी अर्थ माहीत नसेल तर काय उपयोग? अशी ट्यूब कुणी महिनोन्‌महिने लावत असेल तर ‘आजच बंद कर’ असंही परस्पर सांगू नका. एकदम थांबवल्यावर लाली आणि पुरळ उसळून येतं. डॉक्टरकडे पाठवा.

आता पुराव्याकडे वळू, कारण घटकांवरचे व्हिडिओ ‘संशोधन सांगतं’ असं हमखास म्हणतात.

नायसिनामाइडसाठी हाकोझाकी आणि सहकाऱ्यांचा 2002 चा पेपर नेहमी पुढे केला जातो. त्यातल्या एका चाचणीत डाग असलेल्या 18 जणींनी 5 टक्के नायसिनामाइडचं क्रीम आणि नायसिनामाइड नसलेलं तेच क्रीम अशी तुलना केली. रचना चांगली आहे, कारण नुसत्या क्रीमनेही त्वचा बरी दिसते आणि तो परिणाम वजा करावाच लागतो. पण संख्या 18 आहे, आणि संशोधक प्रॉक्टर अँड गॅम्बलशी संबंधित होते. एवढ्याने निष्कर्ष खोटा ठरत नाही. मात्र ज्या क्रीमवर टक्केवारी लिहिलेलीच नाही, त्याला हा पुरावा लावता येत नाही.

सारस्वत आणि सहकाऱ्यांचा 2011 चा अभ्यास उलट बाजूचा. भारतातल्या 12 केंद्रांवर चेहऱ्याच्या त्वचारोगाचे 2,926 रुग्ण तपासले, त्यातले 433, म्हणजे 14.8 टक्के, चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते. यावरून ‘सातातला एक भारतीय स्टेरॉइड लावतो’ असं म्हणता येईल का? नाही. छेद बघा: हे त्वचारोगतज्ज्ञापर्यंत पोहोचलेले रुग्ण आहेत. त्रास नसलेले यात नाहीत, आणि तज्ज्ञापर्यंत जायला एसटीचं भाडं आणि एक खाडा परवडत नाही तेही नाहीत. खरा आकडा कमी असेल की जास्त, हे या अभ्यासातून ठरत नाही. तुम्ही उद्या शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीत बसून असाच सर्वे केलात तर हीच मर्यादा तुमच्याही आकड्याला लागेल.

म्हणून विषय शोधणाऱ्यांना एक सुचवतो. आपल्या तालुक्यातल्या ठरावीक दुकानांत चेहऱ्याला लावायची जी उत्पादनं मिळतात, त्यांची नोंद करा: पॅकचं वजन, घटकांची यादी आहे की नाही, असल्यास कोणत्या भाषेत, अक्षर वाचता येतं का. महागडं उपकरण लागत नाही, वही आणि वजनकाटा पुरतो. दुकानं कशी निवडली ते मात्र आधी लिहून ठेवा, नंतर नाही. ‘लेबल वाचा’ हा सल्ला इथे कितीजणांना पाळता येतो, याचं उत्तर अशा आकड्यातून मिळेल.