‘देवराई’ : एक चांगला चित्रपट आणि आपली बंद दारे

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा मराठी चित्रपट २००४ साली आला. त्याला वीस वर्षे होऊन गेली, तरी त्याच्यावर आज लिहावेसे वाटते. त्याचा विषय स्किझोफ्रेनिया आहे, आणि आपल्या बेने इस्राएल समाजात या आजाराचे नाव अजून दार लावून घेऊनच उच्चारले जाते.

कथा कोकणातली आहे. शेष हा हुशार, हळवा तरुण. गावच्या देवराईचा त्याला ध्यास लागलेला. अलिबाग, रेवदंडा, पेणच्या बाजूला ज्यांचे बालपण गेले, त्यांना देवराई म्हणजे काय हे सांगायला नको. देवाच्या नावाने राखलेले रान. तिथे कुऱ्हाड लावायची नाही, वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही. शेषचे मन हळूहळू ढळते. खरे काय आणि भास कोणता हे त्याला कळेनासे होते. त्याची बहीण सीना त्याला शहरात आपल्या घरी आणते, आणि तिथून डॉक्टर, औषधे, घरातली ओढाताण हे सारे सुरू होते. शेषची भूमिका अतुल कुलकर्णी यांनी केली आहे, सीनाची सोनाली कुलकर्णी यांनी.

या चित्रपटासाठी पुढाकार घेतला तो कॅनडातील कॅल्गरी येथे प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी. त्यांच्या स्वतःच्या घरी हा आजार होता. त्यांनी तो लपवला नाही. उलट पुण्यात या आजाराविषयी जनजागृती करणारी संस्था उभी केली. परदेशी राहणाऱ्या एका मराठी माणसाने हे केले, याची आपण परदेशी राहणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

चित्रपटाचा पहिला गुण असा, की त्यात वेड्याची थट्टा नाही. आपण हिंदी चित्रपट पाहत मोठे झालो. त्यांतला वेडा एक तर हसवायला असे, नाही तर सुरा घेऊन धावायला. शेष घाबरलेला आहे, आणि त्याची भीती अतुल कुलकर्णी डोळ्यांतून, खांद्यांतून दाखवतात, आरडाओरडा करून नव्हे. या आजाराची बहुतेक माणसे कोणाच्या अंगावर जात नाहीत. त्यांनाच इतरांकडून त्रास होण्याचा संभव जास्त असतो. हे चित्रपट न सांगता पटवतो.

दुसरा गुण म्हणजे सीना. भावावर तिचे प्रेम आहे, तशीच ती दमलेलीही आहे. तिला संसार आहे, नवरा आहे. आजारी माणसाची सेवा करणारी बाई पडद्यावर बहुधा देवी असते. इथे ती माणूस आहे, आणि म्हणूनच आम्हाला या चित्रपटाची खरी नायिका तीच वाटते.

आता तक्रार. शेषचे आपल्या नात्यातल्या कल्याणीवर न बोललेले प्रेम आहे, आणि तिचे लग्न दुसरीकडे होते. दिग्दर्शकांनी ही गोष्ट इतकी मनोहर रंगवली आहे, की साधा प्रेक्षक घरी जाताना म्हणेल, “प्रेमभंगाने बिचाऱ्याला वेड लागले.” असल्या कारणांची आपल्याकडे कमी नाही. फार अभ्यास केला म्हणून झाले. सैन्यात काही पाहिले म्हणून झाले. अलियाह केल्यावर इथे मन रमले नाही म्हणून झाले. नजर लागली म्हणून झाले. आणि शेवटी, आईने लाडावून ठेवला म्हणून झाले.

वैद्यकशास्त्र वेगळे सांगते. या आजाराची मुळे आनुवंशिकतेत आणि मेंदूच्या कामकाजात आहेत. मोठा ताण पडला की तो उफाळू शकतो, आणि परक्या देशात जाऊन राहणे हाही तसा ताणच आहे; पण ताण म्हणजे एकमेव कारण नव्हे. एके काळी डॉक्टरसुद्धा आईला दोष देत. ते मत आता टाकून दिलेले आहे. तरीही आपल्यातल्या कितीतरी आया तो दोष अजून पदरात बांधून फिरतात. ‘देवराई’ने त्यांच्या पदराची गाठ सोडवायला हवी होती. ती सैल झाली, पण सुटली नाही.

नावाचाही घोटाळा होतो. स्किझोफ्रेनिया हा शब्द स्विस डॉक्टर ब्लॉयलर यांनी १९०८ साली वापरात आणला. मराठीत छिन्नमनस्कता म्हणतात. त्यावरून पुष्कळांना वाटते, की एका अंगात दोन माणसे राहतात. तसे नाही. नसलेले आवाज ऐकू येणे, लोक आपल्यावर टपले आहेत असे पक्के वाटणे, विचारांची साखळी तुटणे, बोलणे-चालणे-न्हाणे यांतली गोडी जाणे, ही त्याची लक्षणे. सुरुवात बहुधा ऐन तारुण्यात होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात तीनशे माणसांमागे एकाला हा आजार आहे. मग तो आपल्यातच नाही असे कसे होईल?

आपल्या ज्ञानी पूर्वजांनी याचा विचार केला होता. तालमूदच्या हगीगा ग्रंथात ‘शोते’ कोणाला म्हणावे याची चर्चा आहे. रात्री एकटा भटकणारा, कबरस्तानात झोपणारा, कपडे फाडणारा अशा खुणा तिथे दिल्या आहेत. पण लगेच शंकाही काढली आहे, की एवढ्यावरून शिक्का मारावा का? या वागण्याला दुसरे कारणही असू शकेल. ‘इतीम हलीम, इतीम शोते’, म्हणजे कधी बरा आणि कधी भ्रमिष्ट असणाऱ्या माणसाविषयी रोश हशाना ग्रंथात निर्णय आहे, की तो बरा असेल त्या वेळी सर्व बाबतींत शहाण्या माणसासारखाच धरावा. त्या काळी औषध नव्हते, पण न्याय होता.

चित्रपटाला पर्यावरणविषयक राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. रानाची चित्रे आहेतच तशी सुंदर. पण या पुरस्कारामुळे आमच्या मनातली शंका बळावली, की रान जिंकले आणि रोगी मागे राहिला. देवराई टिकते ती तिला कोणी हात लावत नाही म्हणून. आजारी माणसाचे उलट आहे. आपण त्यालाही देवराईच करून ठेवले आहे. आतल्या खोलीत कोणी जायचे नाही, विषय काढायचा नाही, कारण धाकट्या बहिणीचे लग्न व्हायचे आहे. या मौनाने रान वाढते, माणूस खचतो. औषध जितके लवकर सुरू होईल तितके बरे, आणि घरात सतत टोचून बोलणे असेल तर आजार पुन्हा उलटण्याचा धोका वाढतो.

सीना तरुण आहे, म्हणून चित्रपटाला एक प्रश्न पडत नाही. तो आमच्या वाचकांना पडतो : “आमच्या मागे याचे काय?” सत्तरी-ऐंशीतले आईबाप आणि पन्नाशीचा मुलगा अशी घरे आपल्यात आहेत. त्यांच्यासाठी या देशात २००० सालचा पुनर्वसन कायदा आहे. बितुआह लेउमीने मानसिक आजारामुळे निदान चाळीस टक्के अपंगत्व मान्य केले असेल, तर अठरा वर्षांवरील व्यक्तीला ‘सल शिकुम’ मागता येते. त्यात राहण्याची सोय, काम, शिक्षण, चार माणसांत मिसळणे यांसाठी मदत असते. २०१५ पासून मानसिक आजारांचे उपचार कुपत होलीमकडेच आहेत. रुग्णांच्या कुटुंबीयांनी १९७८ साली स्थापन केलेली ‘एनोश’ ही संस्थाही आहे.

भावे-सुकथनकरांनी पुढे विस्मरणाच्या आजारावर ‘अस्तु’ आणि नैराश्यावर ‘कासव’ हे चित्रपट केले. सुमित्राबाई २०२१ साली वारल्या. त्यांच्या चित्रपटांत आजारी माणूस घराच्या मधोमध बसलेला असतो, आतल्या खोलीत नाही. ‘देवराई’तले दोष सांगूनही तो जरूर पाहा, असे आम्ही म्हणतो ते यासाठीच. एकट्याने नको, घरातल्यांना बरोबर घेऊन पाहा. मराठी न समजणाऱ्या नातवंडांना शेजारी बसवून अर्थ सांगा. आणि ओळखीच्या ज्या घरात असा मुलगा किंवा मुलगी आहे, तिथे पुढच्या शाब्बाथला जाल तेव्हा आईबापांबरोबर त्याचीही नाव घेऊन चौकशी करा.